इंग्रजीत ‘नॉट’ नक्की कुठे ठेवायचं? पायरी पायरीने

मेल पाठवायच्या आधी लोक स्पेलिंग बघतात, टेन्स बघतात, ‘अ’ आणि ‘द’ बघतात, पण नकार कोणी बघत नाही. नॉट टाकलं की वाक्य नकारार्थी झालं, विषय संपला असं वाटतं. नकारार्थी होतंच ते, पण त्यातलं नेमकं काय नाकारलं गेलं हे नॉटच्या जागेवर ठरतं, आणि जागा चुकली तर व्याकरण अगदी बरोबर असूनही समोरचा भलतंच समजतो. स्पेलचेकर अशा वाक्याखाली लाल रेघ मारत नाही, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं तशीच चालू राहते.

मराठीत नाही बहुतेक वेळा शेवटी येतं, आणि काय नाकारायचंय ते आपण ‘च’ लावून किंवा आवाजात जोर देऊन सांगतो. इंग्रजीत लिहिताना यातलं काहीच हाताशी नसतं, तिथे बरंचसं काम जागाच करते. म्हणून खालचा क्रम मोडू नका, आधी अर्थ ठरवा आणि मगच नॉटला हात लावा.

## पायरी १ : आधी मराठी वाक्य उलगडून घ्या

कागद घ्या किंवा फोनमधलं नोट्स उघडा, पण ही पायरी डोक्यातल्या डोक्यात करू नका, निदान सुरुवातीचे काही दिवस तरी नको.

हे वाक्य बघा : ‘सगळे पास झाले नाहीत.’ काही पास झाले आणि काही नापास झाले, की एकही पास झाला नाही? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही. बोलताना आपण ‘सगळेच पास झाले नाहीत’ किंवा ‘एकही पास झाला नाही’ असं म्हणून मोकळे होतो, पण इंग्रजी करायला घेताना मनात असतं ते पहिलं अर्धवट वाक्य, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

यासाठी एक साधी चाचणी आहे. वाक्याच्या पुढे ‘असं नाही की’ लावायचं आणि मूळ नाही काढून टाकायचं. ‘असं नाही की सगळे पास झाले.’ म्हणजे काही नापास आहेत. तुम्हाला हेच म्हणायचं असेल तर नकार ‘सगळे’वर आहे. हे म्हणायचं नसेल तर ‘प्रत्येकाचं असं की तो पास झाला नाही’ असं लिहून बघा, इथे नकार फक्त ‘पास होणं’ यावर आहे. दोन वाक्यं समोर आली की हवं ते ठेवा, दुसरं खोडा.

तपासा : खोडल्यावर एकच अर्थ उरलाय ना? दोन उरत असतील तर पुढे जाऊ नका, कारण मराठीतच जे ठरलं नाही ते इंग्रजीत आपोआप ठरणार नाही.

## पायरी २ : नॉटची हद्द ओळखा

नॉट सहाय्यक क्रियापदाच्या लगेच मागे येतं हे शाळेत सगळ्यांनी केलंय. इज नॉट, हॅव नॉट, विल नॉट, आणि असं काही नसेल तर डू, डज किंवा डिड आणून त्याच्या मागे नॉट. इतपत येतं म्हणून लोक इथेच थांबतात.

त्यापुढचा नियम असा की नॉटचा परिणाम साधारणपणे त्याच्या उजवीकडे पडतो. जे उजवीकडे आहे त्यातलं काहीतरी नाकारलं जातं आणि जे डावीकडे आहे ते बहुतेक वेळा सुटतं. हा पक्का कायदा नाही, अपवाद आहेत आणि ते पुढे येतीलच, पण दहातल्या बहुतेक वाक्यांना हा पुरतो.

लगेच वापरून बघा. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ यात रिअली डावीकडे आहे, म्हणजे तो नकाराच्या बाहेर : मला ते खरंच आवडत नाही, अजिबात नाही. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ यात रिअली उजवीकडे गेला, नकारात सापडला : मला ते तितकंसं आवडत नाही. क्लायंटच्या डिझाइनबद्दल पहिलं वाक्य लिहिलं तर तो दुखावेल, दुसरं लिहिलं तर बदल काय करायचे ते विचारेल.

## पायरी ३ : सगळे, दोन्ही, कोणीही

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबा.

‘ऑल द स्टुडंट्स डिड नॉट पास’ हे वाक्य मराठीतल्या ‘सगळे पास झाले नाहीत’ इतकंच दुटप्पी आहे. कोणी म्हणेल की ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ ही म्हण तर अशीच आहे आणि तिचा अर्थ ‘चकाकतं ते सगळंच सोनं नसतं’ असाच होतो. बरोबर आहे, पण म्हणीचा अर्थ सगळ्यांना आधीपासून पाठ असतो, तुमच्या मेलचा नसतो. तुम्हाला ‘सगळेच नाही’ म्हणायचं असेल तर नॉट उचलून ऑलच्या आधी ठेवा : ‘नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड.’ आणि ‘एकही नाही’ म्हणायचं असेल तर ऑल काढूनच टाका : ‘नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड.’ एव्हरीवन आणि एव्हरीथिंगलाही हेच लागू. ‘एव्हरीवन हॅज नॉट पेड’ अशी सोसायटीची नोटीस लावली तर ज्यांनी मेंटेनन्स भरलाय ते आधी भडकणार. ‘नॉट एव्हरीवन हॅज पेड’ लिहा.

‘दोन्ही’चं याहून वाईट आहे. ‘दोन्ही उत्तरं बरोबर नाहीत’ याचं लोक हमखास ‘बोथ द आन्सर्स आर नॉट करेक्ट’ करतात. एक चूक आहे की दोन्ही? दोन्ही चूक असतील तर ‘नीदर आन्सर इज करेक्ट’. एकच बरोबर असेल तर ‘ओन्ली वन ऑफ द आन्सर्स इज करेक्ट’. स्पर्धा परीक्षांच्या ‘स्पॉट द एरर’मध्ये बोथ आणि नॉट एकत्र दिसले की तिथे शंका घ्याच.

आता कोणीही. ‘कोणीही आलं नाही’ याचं शब्दाला शब्द लावून ‘एनीवन डिड नॉट कम’ होतं आणि ते चूक आहे. नकारार्थी वाक्यात एनी, एनीवन, एनीथिंग, एव्हर हे शब्द नकाराच्या उजवीकडेच चालतात, आधी नकार यायला लागतो आणि मग हे. वाक्याची सुरुवातच कर्त्याने होत असेल तर नकार त्या कर्त्यातच घाला : ‘नो वन केम.’ कर्म असेल तर अडचण नाही, ‘आय डिडन्ट सी एनीवन’ बरोबर आहे कारण तिथे नॉट आधीच येऊन गेलंय.

सावधान : ‘नो वन केम’ लिहिल्यावर हात थांबवा. मराठीची सवय ‘नो वन डिडन्ट कम’ लिहायला लावते, त्याबद्दल पुढच्या पायरीत.

## पायरी ४ : मराठीतलं जादा नाही काढून टाका

मराठीत ‘कुणीच’, ‘काहीच’, ‘कधीच’ असले तरी क्रियापदाबरोबर नाही लागतंच. कुणीच आलं नाही, मी कधीच गेलो नाही. प्रमाण इंग्रजीत मात्र एका नकाराला एकच नकारार्थी शब्द लागतो. नोबडी, नथिंग, नेव्हर, नन आले की नॉट बाहेर. नाहीतर ‘नोबडी डिडन्ट कम’ याचा काटेकोर अर्थ ‘न आलेला कोणीच नाही’, म्हणजे सगळे आले असा होऊन बसतो. हार्डली आणि स्केअर्सली हेही गुपचूप नकारार्थीच आहेत, त्यामुळे ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ नको, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ हवं.

पण आपल्याकडची खरी राष्ट्रीय चूक अन्टिलची आहे. ‘जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही तोपर्यंत काम सुरू होणार नाही’ हे मराठी उत्तम आहे, पण त्याचं ‘अन्टिल यू डोन्ट पे, वी विल नॉट स्टार्ट’ होतं आणि इंग्रजी वाचणारा अडखळतो, कारण त्यात ‘तुम्ही पैसे भरत नसल्याच्या क्षणापर्यंत’ असं काहीतरी निघतं. बरोबर वाक्य : ‘वी विल नॉट स्टार्ट अन्टिल यू पे.’ अनलेसचंही तेच, त्याच्या पोटातच ‘इफ नॉट’ आहे, म्हणून ‘अनलेस यू डोन्ट साइन’ नाही तर ‘अनलेस यू साइन’. ‘अनलेस यू डोन्ट साइन’ लिहिलंत तर सही केली की काम अडेल असा अर्थ होतो, म्हणजे नेमका उलटा, आणि हे ॲग्रीमेंटच्या मेलमध्ये गेलं तर काय होईल याचा विचार करा.

तपासा : वाक्यात अन्टिल, अनलेस, हार्डली, नेव्हर किंवा नो असलेला शब्द दिसतोय का? मग त्याच तुकड्यात शेजारी डोन्ट किंवा नॉट आहे का बघा, आणि असेल तर बहुतेक वेळा एक जातं.

## पायरी ५ : आणि की किंवा

ही पायरी छोटी आहे, पण ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी ही सोडू नये.

‘मी मासे आणि मटण खात नाही’ म्हणजे दोन्ही खात नाही, मराठीत शंका नाही. इंग्रजीत नॉटच्या उजवीकडे ‘अँड’ ठेवला की ‘दोन्ही एकत्र खात नाही’ असाही अर्थ निघू शकतो. ‘आय डोन्ट ईट फिश अँड मीट’ ऐकून वेटर विचारेल की मग एक आणू का. दोन्ही नको असतील तर ‘ऑर’ वापरा : ‘आय डोन्ट ईट फिश ऑर मीट.’ कोडिंग करणाऱ्यांना डी मॉर्गनचा नियम माहीत असतोच, अ किंवा ब यांचा नकार म्हणजे अ पण नाही आणि ब पण नाही, तोच हिशोब इथे आहे.

आपली सवय ‘आणि’ची असल्यामुळे ‘ऑर’ लिहिताना हात अडखळतो, काहीतरी पर्याय देतोय असं वाटतं. तरी लिहा. औषधांच्या यादीत, व्हिसाच्या फॉर्मवर, डब्याच्या ऑर्डरमध्ये ऑरच लिहा.

## पायरी ६ : दोन क्रियापदं असतील तर नॉट कुणाचं?

एका वाक्यात दोन क्रियापदं आली की नॉट दोघांपैकी कुणालाही लागू शकतं आणि अर्थ पार बदलतो.

‘ही टोल्ड मी नॉट टु गो’ म्हणजे त्याने मला जाऊ नको असं सांगितलं. ‘ही डिडन्ट टेल मी टु गो’ म्हणजे त्याने जा असं काही सांगितलंच नाही, मनाई पण केली नाही. चौकशीत, तक्रारीत, एचआरच्या मेलमध्ये हा फरक फार मोठा आहे. तसंच ‘वी डिसायडेड नॉट टु बाय इट’ म्हणजे घ्यायचं नाही असं ठरलं, आणि ‘वी डिडन्ट डिसाइड टु बाय इट’ म्हणजे घ्यायचं असं काही ठरलं नाही, विषय अजून उघडा असू शकतो. ‘ट्राय नॉट टु टच इट’ म्हणजे शक्यतो हात लावू नका, ‘डोन्ट ट्राय टु टच इट’ म्हणजे हात लावायचा प्रयत्नसुद्धा करू नका. विजेच्या पॅनलवर पहिलं वाक्य लावलेलं मला चालणार नाही.

नॉट ‘टु’च्या आधी ठेवा, म्हणजे ‘नॉट टु गो’. ‘टु नॉट गो’ही बोलताना ऐकू येतं, पण फॉर्मल लिखाणात पहिलं सुरक्षित. शेवटी आयएनजी असलेलं रूप असेल तर नॉट त्याच्या आधी : ‘सॉरी फॉर नॉट रिप्लायिंग.’ ‘सॉरी फॉर डिडन्ट रिप्लाय’ असं अजूनही रोज कुठेतरी लिहिलं जातं, ते बंद करूया.

आता अपवाद. थिंक, बिलीव्ह, सपोज, एक्सपेक्ट, वॉन्ट या क्रियापदांबरोबर इंग्रजी माणूस नॉट पुढे ओढून घेतो. ‘तो येणार नाही असं मला वाटतं’ याला तो सहसा ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ म्हणेल. ‘आय थिंक ही वोन्ट कम’ चूक नाही, पण जरा ठाम वाटतं. आपल्याकडेही ‘मला नाही वाटत तो येईल’ म्हणतातच की, त्यामुळे हे जमायला अवघड नाही.

सावधान : ही सूट सगळ्या क्रियापदांना नाही. होप, नो (माहीत असणं), से आणि टेल यांच्याबरोबर नॉट जिथलं तिथेच ठेवा. ‘पाऊस येणार नाही अशी आशा आहे’ म्हणजे ‘आय होप इट डझन्ट रेन’, ‘आय डोन्ट होप’ नाही. आणि ‘आय डिडन्ट से ही स्टोल इट’ व ‘आय सेड ही डिडन्ट स्टील इट’ यात तर पहिलीकडे फक्त तुम्ही हात वर करता आणि दुसरीकडे एक माणूस निर्दोष ठरतो. लहान उत्तरांतही हेच दिसतं : ‘आय डोन्ट थिंक सो’, पण ‘आय होप नॉट’.

परीक्षा देणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. ‘आय डोन्ट थिंक ही विल कम’ याचा क्वेश्चन टॅग ‘विल ही?’ असा होतो. डोन्ट थिंकला दिसत असलं तरी नकार खरा कमला आहे, आणि टॅग त्या खऱ्या जागेप्रमाणे लागतो.

## पायरी ७ : मस्ट, हॅव टु, नीड, मे

मस्ट आणि हॅव टु होकारात जवळजवळ सारखे वाटतात, नकारात मात्र एकदम वेगळे होतात. ‘यू मस्ट नॉट अटेंड’ म्हणजे यायचंच नाही, मनाई आहे. ‘यू डोन्ट हॅव टु अटेंड’ म्हणजे यायची सक्ती नाही, आलात तरी चालेल. मस्टच्या वाक्यात मस्ट नॉटच्या बाहेर राहिला, म्हणून सक्ती शिल्लक आहे आणि ती न करण्याची आहे. दुसऱ्यात हॅव टु नॉटच्या उजवीकडे गेला, म्हणून सक्तीच नाकारली गेली. पायरी २ चाच नियम.

मराठीतून येताना फसवतं ते ‘यायचं नाही’ आणि ‘यायलाच पाहिजे असं नाही’ यांचं मिश्रण. डॉक्टर म्हणतात, ‘या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत.’ घरातलं कोणीतरी परदेशातल्या मुलाला ते इंग्रजीत कळवतं, ‘यू डोन्ट हॅव टु टेक देम ऑन ॲन एम्प्टी स्टमक.’ झालं, मनाईची सवलत झाली, मुलगा म्हणेल घेतली तरी चालेल. इथे ‘यू मस्ट नॉट’ किंवा सरळ ‘डोन्ट टेक देम’ हवं.

नीड नॉट हा जागेच्या नियमाला अपवाद आहे. नीड डावीकडे असूनही तोच नाकारला जातो, ‘यू नीड नॉट कम’ म्हणजे यायची गरज नाही. कॅनॉटचंही तसंच, शक्यता किंवा परवानगीच नाकारली जाते. याचा भूतकाळही बघून ठेवा : ‘आय नीडन्ट हॅव गॉन’ म्हणजे मी गेलो होतो पण उगाच गेलो, आणि ‘आय डिडन्ट नीड टु गो’ म्हणजे जायची गरज नव्हती, गेलो की नाही ते वाक्य सांगत नाही, ऐकणारा सहसा गेला नाही असंच धरतो.

मस्ट अंदाजासाठी वापरला असेल तर आणखी एक वळण आहे. ‘तो घरीच असणार’ म्हणजे ‘ही मस्ट बी ॲट होम’, पण ‘तो घरी असणंच शक्य नाही’ म्हणजे ‘ही कान्ट बी ॲट होम’. अमेरिकेत अशा अंदाजासाठी ‘मस्ट नॉट बी’ही ऐकू येतं, तेव्हा तिथल्या सहकाऱ्याने म्हटलं तर मनाई समजू नका.

आणि मे नॉट. हा शब्द नोटिशीतून हद्दपार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मेंबर्स मे नॉट यूज द लिफ्ट ऑन संडे’ म्हणजे रविवारी लिफ्ट वापरायला बंदी आहे की कदाचित मेंबर वापरणार नाहीत? बंदी असेल तर ‘मस्ट नॉट’ किंवा ‘आर नॉट अलाउड टु’. शक्यता असेल तर ‘माइट नॉट’, किंवा वाक्य बदलून ‘द लिफ्ट माइट बी क्लोज्ड’. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनाही यातला घोळ परवडत नाही, म्हणून 1997 च्या आरएफसी 2119 या दस्तऐवजात कॅपिटल अक्षरांतले असे शब्द बांधून टाकलेत : मस्ट नॉट म्हणजे पूर्ण मनाई, शुड नॉट म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय करू नका, आणि मे म्हणजे ऐच्छिक. त्या यादीत मे नॉटला जागाच दिलेली नाही. सॉफ्टवेअरची डॉक्युमेंट्स लिहिणाऱ्यांनी ही सवय साध्या मेललाही लावून घ्यावी.

तपासा : वाक्य वाचून स्वतःला विचारा, समोरच्याने ती गोष्ट केली तर मी त्याला थांबवणार आहे का? हो असेल तर मस्ट नॉट. थांबवणार नसाल तर डोन्ट हॅव टु.

## पायरी ८ : क्रियाविशेषणाची बाजू निवडा

रिअली वर झालंच. तशीच आणखी काही आहेत.

‘आय डिलिबरेटली डिडन्ट डिलीट द फाइल’ म्हणजे मी मुद्दामच फाइल डिलीट केली नाही, ती अजून आहे. ‘आय डिडन्ट डिलिबरेटली डिलीट द फाइल’ म्हणजे फाइल बहुधा गेलीये, पण मुद्दाम नाही. माफी मागताना पहिलं लिहिलं तर समोरचा विचारेल की मग फाइल पाठव ना. ‘आय ऑफन डोन्ट हॅव ब्रेकफास्ट’ म्हणजे बऱ्याचदा नाश्ता राहतो. ‘आय डोन्ट ऑफन हॅव ब्रेकफास्ट’ म्हणजे नाश्ता क्वचितच होतो. दुसरा माणूस जास्त वेळा उपाशी आहे.

ऑलवेजला नॉटच्या उजवीकडे ठेवा, ‘इट इज नॉट ऑलवेज ट्रू’. कधीच नाही असं म्हणायचं असेल तर नेव्हर आहेच. प्रॉबॅब्ली आणि सर्टन्ली मात्र नकाराच्या डावीकडेच बरे : ‘ही प्रॉबॅब्ली वोन्ट कम’. ‘ही वोन्ट प्रॉबॅब्ली कम’ कानाला खटकतं. आणि ‘मी पण येणार नाही’ याचं ‘आय ॲम ऑल्सो नॉट कमिंग’ करू नका, ‘आय ॲम नॉट कमिंग आयदर’ म्हणा.

## पायरी ९ : बिकॉज आणि लाइक, इथे जागा पुरत नाही

आतापर्यंत नॉट हलवलं की काम भागत होतं, इथे वाक्यच हलवावं लागतं.

‘आय डिडन्ट लीव्ह द जॉब बिकॉज ऑफ द सॅलरी.’ नोकरी सोडली का? एक अर्थ असा की पगार चांगला होता म्हणून सोडली नाही. दुसरा असा की सोडली, पण कारण पगार नव्हतं. मराठीत ‘मी पगारामुळे नोकरी सोडली नाही’ हेही असंच लटकतं, त्यामुळे आपल्याला ते खटकतसुद्धा नाही, आणि इंटरव्ह्यूमध्ये नेमका हाच प्रश्न असतो.

सोडली नसेल तर कारण आधी आणा : ‘बिकॉज द सॅलरी वॉज गुड, आय डिडन्ट लीव्ह.’ आता बिकॉज नॉटच्या डावीकडे आला आणि हद्दीबाहेर गेला. सोडली असेल तर आधी सोडल्याचं सांगा आणि नकार फक्त कारणाला लावा : ‘आय लेफ्ट, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी.’ काही जण बिकॉजच्या आधी स्वल्पविराम देऊन पहिला अर्थ दाखवतात. वाचताना ते थोडंफार चालतं, फोनवर स्वल्पविराम ऐकू येत नाही.

लाइकचंही असंच. ‘आय डोन्ट ड्रिंक लाइक यू’ यात तू पितोस, मी तसा पीत नाही, असा टोमणा आहे. ‘लाइक यू, आय डोन्ट ड्रिंक’ म्हणजे तुझ्यासारखाच मीही पीत नाही. सोयरिकीच्या पहिल्या भेटीत कुठलं म्हणायचं ते तुम्हीच बघा.

## पायरी १० : नकार वाक्याच्या सुरुवातीला आणलात तर क्रम उलटा

नेव्हर, नॉट ओन्ली, अंडर नो सर्कमस्टन्सेस, हार्डली, नो सूनर हे पहिल्यांदा आले की त्यांच्यामागे प्रश्नासारखा क्रम लागतो. ‘नेव्हर हॅव आय सीन’, ‘नॉट ओन्ली डिड ही कम’, ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड यू साइन’. नो सूनरबरोबर दॅन, हार्डलीबरोबर व्हेन, हे परीक्षेसाठी पाठच करा.

हा क्रम नुसता शोभेचा नाही, अर्थही त्यावर फिरतो. ‘विथ नो जॉब वुड ही बी हॅपी’ म्हणजे कुठलीच नोकरी त्याला समाधान देणार नाही. ‘विथ नो जॉब, ही वुड बी हॅपी’ म्हणजे नोकरी नसली तर तो खूश असेल. शब्द तेच, फक्त वुड आणि ही यांची अदलाबदल, आणि माणूस पूर्ण वेगळा. रोजच्या मेलमध्ये हा प्रकार टाळलेलाच बरा, पण समोरून आला तर ओळखता आला पाहिजे.

## पायरी ११ : पाठवण्याआधीचं वाचन, आणि फोनवरचं बोलणं

मेल लिहून झाला की प्रत्येक नॉट, नो, नेव्हरला गोल करा. प्रत्येकासाठी पायरी १ ची ‘असं नाही की’ चाचणी उलट्या दिशेने करा, म्हणजे इंग्रजी वाक्य मराठीत आणताना पुढे ‘असं नाही की’ लावा आणि ठेवलेल्या अर्थाशी जुळतं का बघा. दोन अर्थ निघाले तर नॉटशी झटापट करत बसू नका, होकारार्थी वाक्य करा. ‘एव्हरीवन हॅज नॉट पेड’ऐवजी ‘सिक्स मेंबर्स स्टिल हॅव टु पे’ याहून स्पष्ट काही नाही.

बोलताना दोन गोष्टी वेगळ्या सांभाळायच्या. पहिली येस आणि नोची. ‘डिडन्ट यू गेट द मेल?’ असं विचारल्यावर मेल मिळाला नसेल तर आपण मराठी सवयीने ‘येस’ म्हणतो, म्हणजे ‘हो, नाही मिळाला’. इंग्रजीत येस म्हणजे मिळाला आणि नो म्हणजे नाही मिळाला, प्रश्न कसाही विचारलेला असो. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ याला परवानगी द्यायची असेल तर ‘नो’ येतं, कारण विचारलंय हरकत आहे का. नुसता येस किंवा नो कधीच देऊ नका, पुढचा तुकडा जोडा : ‘नो, आय डिडन्ट’, ‘नो, गो अहेड’.

दुसरी गोष्ट कॅन आणि कान्टची. आपण आणि ब्रिटिश लोक कान्ट लांब आ लावून म्हणतो, त्यामुळे तो कॅनपासून वेगळा कळतो. बऱ्याच अमेरिकन लोकांचा उच्चार कॅन्ट असा असतो, शेवटचा ट गिळला जातो, आणि फोनवर तो कॅनसारखाच वाजतो. ऐकताना ट शोधू नका, जोर शोधा : होकारातला कॅन घाईत ‘कन’ असा दबून जातो आणि जोर पुढच्या क्रियापदावर पडतो, नकारात खुद्द कॅन्टवरच जोर असतो. स्वतः बोलताना तारीख, पैसे किंवा औषध यांचा विषय असेल तर कान्ट म्हणूच नका, ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणा, आणि कॉल संपल्यावर तेच एका ओळीत मेल करून टाका.